विजेच्या दाबाला काटा देणारा एडवर्ड वेस्टन

माणगाव (वार्ताहर) : माणगाव तालुक्यातील भिरा येथील जलविद्युत केंद्र १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर मुळा नदी अडवून मुळशीचा जलाशय निर्माण करण्यात आला आणि तेथील पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरवून त्यावर वीजनिर्मितीची चक्रे फिरविण्यात आली. या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या विजेसाठी एवढी मोठी किंमत मोजली गेली ती वीज डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही आणि हाताने चाचपून पाहता येत नाही. ती किती दाबाने वाहते आहे हे सांगणारे साधन एकच, आणि ते म्हणजे तबकडीवर काटा फिरविणारा व्होल्टमीटर. वीजकेंद्रातील भव्य पॅनेलपासून भातगिरणीच्या भिंतीवरील लोखंडी पेटीपर्यंत हा काटा सर्वत्र आढळतो. त्याला विश्वासार्ह रूप देणारा माणूस मात्र आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर फारसा परिचित नाही. त्याचे नाव एडवर्ड वेस्टन.

एडिसन, टेस्ला, वेस्टिंगहाऊस या नावांभोवती विजेच्या इतिहासातील साऱ्या कथा गुंफल्या गेल्या आहेत. दिव्याने अंधार दूर केला आणि मोटारीने कारखाने चालविले, त्यामुळे त्यांच्या कर्त्यांना कीर्ती लाभणे साहजिकच होते. परंतु विजेचा व्यापार उभा राहण्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज होती. धान्याच्या बाजारात तराजू नसेल तर व्यापार होऊ शकत नाही, तेच विजेच्या बाबतीतही खरे होते. हा तराजू वेस्टनने घडविला.

डॉक्टरकीकडे पाठ

एडवर्ड वेस्टनचा जन्म ९ मे १८५० रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात ऑस्वेस्ट्रीजवळ झाला. त्याचे बालपण वुल्व्हरहॅम्प्टन या औद्योगिक शहरात गेले. कोळसा, लोखंड आणि भट्ट्यांच्या त्या परिसरात वाढलेल्या मुलाला पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांची ओढ लागली. आईवडिलांची इच्छा मात्र त्याने डॉक्टर व्हावे अशी होती. मध्यमवर्गीय घरांत आजही जो संघर्ष घडतो, तोच त्या घरातही घडला. मुलाने वडीलधाऱ्यांचा मान राखून वैद्यकाचा अभ्यास पुरा केला, १८७० मध्ये पदविकाही मिळविली आणि त्याच वर्षी रुग्णसेवेचा विचार कायमचा सोडून अमेरिकेची वाट धरली.

विशीतील हा तरुण न्यूयॉर्कमध्ये उतरला तेव्हा त्याच्यापाशी रसायनशास्त्राच्या ज्ञानाखेरीज दुसरे भांडवल नव्हते. त्या जोरावर त्याला निकेलचा मुलामा देणाऱ्या व्यवसायात काम मिळाले. विजेच्या साह्याने एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढविण्याची ही कला त्या काळी अंदाजपंचे चालत असे. थर कधी जाड बसे, कधी पातळ, तर कधी तो पापुद्र्यासारखा सुटून येई. वेस्टनने रसायनांमध्ये आणि निकेलच्या पट्ट्यांमध्ये सुधारणा केल्या. पण मूळ दुखणे वेगळेच असल्याचे त्याच्या लवकरच ध्यानात आले. मुलाम्यासाठी लागणारी वीज रासायनिक बॅटऱ्यांतून घेतली जाई. त्या महाग होत्या आणि त्यांचा दाब वापराबरोबर उतरत जाई. वीजच स्थिर नसेल तर थर एकसारखा कसा बसणार?

या प्रश्नाने त्याला डायनामोकडे वळविले. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने मुलाम्यासाठी स्वतःचा डायनामो तयार केला. १८७५ मध्ये तो न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथे स्थायिक झाला आणि १८७७ मध्ये तेथे वेस्टन डायनामो इलेक्ट्रिक मशीन कंपनी उभी राहिली. केवळ डायनामो बनविण्यासाठी निघालेल्या अमेरिकेतील अगदी पहिल्या कारखान्यांत तिची गणना होते.

दिव्यांच्या शर्यतीत

डायनामो तयार झाला की त्यावर दिवे लावण्याचा विचार ओघानेच येतो. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये प्रखर ठिणगीचा झोत निर्माण करणारे आर्क दिवे तेव्हा नवलाईचे होते. वेस्टनच्या दिव्यांनी नेवार्कचे सार्वजनिक उद्यान उजळले. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तेव्हा त्यावर वेस्टन पद्धतीचे आर्क दिवे लागले होते. एव्हाना त्याची कंपनी युनायटेड स्टेट्स इलेक्ट्रिक लाइटिंग कंपनीच्या छत्राखाली गेली होती आणि वेस्टन तिचा प्रमुख संशोधक झाला होता.

घरात लावण्याजोगा काचेचा दिवा हे या काळातील मोठे आव्हान होते. एडिसनने बांबूच्या तंतूचे कार्बन वापरून पाहिले होते. नैसर्गिक तंतूची जाडी आणि घडण सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे एखाद्या जागी तो अधिक तापून तुटतो, हा त्यातील दोष वेस्टनने हेरला. रसायनशास्त्राचा जुना अभ्यास येथे कामी आला. नायट्रोसेल्युलोजवर प्रक्रिया करून त्याने टॅमिडाइन नावाचा एकजिनसी पदार्थ बनविला आणि त्यापासून दिव्याच्या तारा तयार केल्या.

मात्र दिव्याचा व्यवसाय आता प्रयोगशाळेपेक्षा न्यायालयात अधिक रंगू लागला होता. पेटंटांवरून कंपन्या एकमेकींवर दावे लावीत होत्या. एडिसनच्या दिव्याच्या पेटंटाचा गाजलेला खटला याच युनायटेड स्टेट्स इलेक्ट्रिक लाइटिंग कंपनीविरुद्ध होता आणि पुढे त्याचा निकाल एडिसनच्या बाजूने लागला. वेस्टनने त्यापूर्वीच, १८८६ मध्ये, कंपनी सोडली होती. छत्तीस वर्षांचा, नाव मिळविलेला आणि हाती भरभराटीचा उद्योग असलेला हा माणूस झगमगाटाच्या जगातून बाहेर पडला आणि वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका कामाला लागला. ते काम म्हणजे वीज मोजणे.

मोजमापाचा दुष्काळ

त्या काळी वीज मोजणे किती जिकिरीचे होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. प्रयोगशाळांत गॅल्व्हानोमीटर होते. परंतु त्यांतील काही प्रकार पृथ्वीच्या चुंबकत्वावर अवलंबून असत. जवळ लोखंडी यंत्र किंवा चालता डायनामो असला की त्यांची सुई भलतीकडेच वळे. काहींमध्ये आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका दूरच्या पट्टीवर पाहावा लागे. वाचन मिळाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करावी, तेव्हा कुठे दाबाचा आकडा हाती येई. यंत्रघरातील धूळ, हादरे आणि घाई यांत हे सारे अशक्यच होते. परिणामी, दिव्यांना किती दाब मिळतो आहे हे त्यांच्या उजेडाकडे पाहून ठरविण्यावाचून चालकाला गत्यंतर नसे.

यंत्रावरील तबकडीकडे एक दृष्टिक्षेप टाकताच आकडा कळावा आणि तो आकडा आज, उद्या आणि दहा वर्षांनीही खरा असावा, असे उपकरण वेस्टनला हवे होते. फ्रान्समध्ये देप्रे आणि द’आर्सोन्व्हाल यांनी १८८२ च्या सुमारास फिरत्या वेटोळ्याचा गॅल्व्हानोमीटर तयार केला होता. कायम चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बारीक तारेचे वेटोळे टांगायचे आणि त्यातून वीज सोडली की ते वळते, हे त्याचे तत्त्व. तत्त्व उत्तम होते, पण उपकरण नाजूक होते. ते जागचे हलविले तरी बिघडे. वेस्टनने हेच तत्त्व घेतले आणि त्यातील एकेका उणिवेचा पाठपुरावा केला.

टांगत्या तारेऐवजी त्याने वेटोळ्याला पोलादी टोके दिली आणि ती घड्याळाप्रमाणे रत्नाच्या खाचांत बसविली. वेटोळ्याला मूळ जागी खेचणाऱ्या दोन केसासारख्या कमानी बसविल्या आणि त्याच कमानींतून विजेची ने-आण केली. चुंबकाच्या ध्रुवांना गोलाईदार लोखंडी तोंडे देऊन मध्ये लोखंडाचा दंडगोल ठेवला, त्यामुळे वेटोळे ज्या फटीत फिरते तेथील चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे राहिले. याचा लाभ असा, की दाब दुप्पट झाला की काटाही दुप्पट सरकतो आणि तबकडीवरील खुणा समान अंतरावर पडतात. वेटोळे अॅल्युमिनियमच्या हलक्या चौकटीवर गुंडाळल्याने, चौकट फिरताना तिच्यात उत्पन्न होणारे प्रवाहच तिला आवर घालतात आणि काटा थरथरत न बसता चटकन स्थिरावतो.

दोन अडचणी मात्र अधिक खोल होत्या. पहिली चुंबकाची. कायम चुंबक नावापुरताच कायम असतो. कालांतराने त्याची शक्ती घटते आणि मीटर कमी दाखवू लागतो. वेस्टनने चुंबकांना मुद्दाम अकाली जुने करण्याची रीत बसविली. जी काही शक्ती पुढेमागे जायची ती आधीच घालवून टाकायची आणि उरलेल्या स्थिर शक्तीवर मीटर बेतायचा, असा हा साधा पण धैर्याचा विचार होता.

दुसरी अडचण उष्णतेची होती. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे हिवाळ्यातील २० अंशांवर बरोबर असलेला, पण सगळी तार तांब्याची असलेला मीटर उन्हाळ्यातील ४० अंशांवर सुमारे ७ टक्के कमी दाखवील. उष्णतेने रोध बदलणार नाही असा धातू निसर्गात नाही, असेच तोवर मानले जात होते. वेस्टनने शेकडो मिश्रधातू तपासून तो समज खोटा ठरविला. तांबे आणि निकेल यांचे एक मिश्रण आणि तांबे, मँगनीज व निकेल यांचे दुसरे मिश्रण त्याच्या हाती लागले. कॉन्स्टंटन आणि मँगॅनिन या नावांनी ते पुढे जगभर रूढ झाले. त्यांचा रोध तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही. अचूक विद्युत उपकरणांतील रोध आजही प्रायः याच घराण्यातील मिश्रधातूंचे असतात.

१८८८ मध्ये वेस्टन इलेक्ट्रिकल इन्स्ट्रुमेंट कंपनी स्थापन झाली आणि थेट वाचन देणारा, हातात उचलून नेता येणारा व्होल्टमीटर बाजारात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्याला अध्यक्षपदाचा मान दिला. वीज कंपन्यांना आपण काय विकतो हे प्रथमच नेमके कळू लागले आणि ग्राहकाला काय मिळते हेही तपासता येऊ लागले.

एका व्होल्टचा धनी

मीटर कितीही चांगला असला तरी त्याच्यावरील आकडा कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न उरतोच. किलोग्रॅमसाठी जसे प्रमाण वजन लागे तसे व्होल्टसाठीही प्रमाण लागे. यासाठी १८७० च्या दशकापासून क्लार्क यांचा प्रमाण घट वापरात होता. पण तापमान बदलले की त्याचा दाबही बदले. वेस्टनने १८९३ मध्ये कॅडमियम आणि पारा यांवर आधारलेला नवा घट तयार केला. २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०१८३ व्होल्ट इतका त्याचा दाब असतो आणि तापमानाचा त्यावर अत्यल्प परिणाम होतो. १९११ पासून हा घट विद्युतदाबाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आला.

वेस्टनच्या आयुष्यातील सर्वांत बोलका प्रसंग येथेच येतो. पेटंटांच्या लढायांनी एका उद्योगातून दूर झालेल्या या माणसाने आपल्या घटावरील पेटंटाचे हक्क सोडून दिले. जगातील प्रत्येक प्रमाण प्रयोगशाळेला ज्याची गरज होती अशा वस्तूचे पेटंट त्याच्यासाठी सोन्याची खाण ठरू शकले असते. मात्र प्रमाण हे एका कंपनीच्या मालकीचे राहिले तर ते प्रमाण राहत नाही. त्याचा घट १९९० पर्यंत जगाचे प्रमाण म्हणून टिकला. त्यानंतर त्याची जागा जोसेफसन परिणामावर आधारलेल्या प्रमाणाने घेतली.

त्याच्या नावावर तीनशेहून अधिक पेटंटे जमा झाली. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे क्रेसन पदक, रसायन क्षेत्रातील पर्किन पदक आणि उतारवयात विद्युत अभियंत्यांचे लॅम पदक त्याला लाभले. नेवार्क येथील तंत्रशिक्षण शाळेच्या स्थापनेत त्याचा वाटा होता. ती शाळा आज न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाते. त्याचा मुलगा एडवर्ड फॅरडे वेस्टन याने फिरत्या वेटोळ्याच्या याच तंत्रातून छायाचित्रकारांसाठी प्रकाशमापक तयार केले. वेस्टनचे २० ऑगस्ट १९३६ रोजी न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे निधन झाले. भिऱ्याच्या केंद्रातून वीज वाहू लागल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

पॅनेलवरील मीटर निवडताना

वेस्टनने सोडविलेले प्रश्न जुने झाले असले तरी संपलेले नाहीत. माणगाव परिसरात भातगिरण्या आहेत, पिठाच्या गिरण्या आहेत, लहान कार्यशाळा आणि विहिरींवरील पंप आहेत. त्यांच्या पॅनेलवर एक व्होल्टमीटर हमखास असतो. तो नवा घेताना किंवा बदलताना पुष्कळदा केवळ किंमत आणि आकार पाहिला जातो. काही गोष्टींची माहिती असेल तर हीच खरेदी अधिक डोळसपणे होऊ शकते.

पहिली बाब विजेच्या प्रकाराची. वेस्टनचा फिरत्या वेटोळ्याचा मीटर एकदिश, म्हणजे डीसी विजेसाठी आहे. बॅटरी, सौर पॅनेल किंवा जनरेटरची चार्जिंग व्यवस्था असेल तेथे तो घ्यावा आणि जोडताना धन व ऋण टोके सांभाळावीत. घरात आणि गिरणीत येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. तिच्यावर साधा डीसी मीटर जोडला तर त्याचा काटा शून्यापाशीच राहील आणि दाब असूनही नसल्याचा धोकादायक भास होईल. एसी पॅनेलसाठी सामान्यतः फिरत्या लोखंडाचा मीटर वापरतात. त्याच्या तबकडीवरील खुणा सुरुवातीला दाटीवाटीने आणि पुढे मोकळ्या असतात. तबकडीच्या कोपऱ्यात नागमोडी रेघ असेल तर मीटर एसीचा, आणि सरळ रेघ असेल तर डीसीचा समजावा.

दुसरी बाब मर्यादेची. नेहमीचा दाब तबकडीच्या साधारण वरच्या एक-तृतीयांश भागात दिसावा, हा उत्तम नियम. एका फेजच्या २४० व्होल्टसाठी ० ते ३०० आणि तीन फेजच्या ४१५ व्होल्टसाठी ० ते ५०० व्होल्टचा मीटर योग्य ठरतो. यामागे गणित आहे. तबकडीवर १.५ असा अचूकतेचा वर्ग लिहिलेला असेल तर चुकीची मुभा पूर्ण मर्यादेच्या १.५ टक्के असते. ३०० व्होल्टच्या मीटरवर ती ४.५ व्होल्ट आणि ५०० व्होल्टच्या मीटरवर ७.५ व्होल्ट होते. २४० व्होल्ट मोजताना पहिल्या मीटरमधील संभाव्य चूक २ टक्क्यांहून कमी, तर दुसऱ्यात ३ टक्क्यांहून अधिक असते. पुढे कामी येईल म्हणून मोठ्या मर्यादेचा मीटर घेणे हा शहाणपणा नव्हे, तो अचूकतेचा तोटा आहे.

तिसरी बाब आकाराची आणि बांधणीची. ७२ किंवा ९६ मिलिमीटर चौरस हे प्रचलित आकार आहेत. लांबून वाचायचा असेल तर मोठा आकार घ्यावा. कोकणातील चार महिन्यांच्या दमट हवेत आणि भाताच्या कोंड्याच्या धुळीत मीटरची पेटी घट्ट बंद असणे फार महत्त्वाचे. तबकडीवर मीटर उभा बसवायचा की आडवा याची खूण असते. उभ्या पॅनेलसाठीचा मीटर तिरका बसविला तर काट्याचा तोल ढळतो आणि वाचन बिघडते.

काटा काय सांगतो

जोडणीचा नियम सोपा आहे. व्होल्टमीटर नेहमी दोन तारांच्या मध्ये, भाराला समांतर जोडतात आणि त्याच्या वाटेवर स्वतंत्र लहान फ्यूज ठेवतात. हे काम वीजपुरवठा बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. वीज बंद असताना काटा शून्यावर नसेल तर पुढील बाजूच्या लहान स्क्रूने तो शून्यावर आणता येतो. वाचताना डोळा काट्याच्या नेमका समोर हवा. बाजूने पाहिल्यास काही व्होल्टचा फरक सहज पडतो. मीटरवरील प्लास्टिकचे झाकण कोरड्या फडक्याने घासले तर त्यावर स्थिर वीज साठते आणि काटा उगाच ओढला जातो, ही गोष्ट अनेकांना नवीन वाटेल.

खरा प्रश्न पुढचा आहे. काट्याने दाखविलेला आकडा पाहून काय करायचे? भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये लघुदाबासाठी सहा टक्के अधिक-उणे ही मर्यादा घातलेली होती. २४० व्होल्टला ती सुमारे २२६ ते २५४ आणि ४१५ व्होल्टला ३९० ते ४४० व्होल्ट होते. मोटारीची फिरविण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब ८० टक्क्यांवर, म्हणजे ४१५ वरून सुमारे ३३२ व्होल्टवर उतरला तर मोटारीची सुरुवातीची ताकद ६४ टक्केच उरते. गिरणीचा भार मात्र तेवढाच असतो. मोटार तो ओढण्यासाठी अधिक प्रवाह घेते, वेटोळी तापतात आणि अखेर जळतात. मोटार पुन्हा भरून घेण्याचा खर्च मीटरच्या किमतीच्या कितीतरी पट असतो आणि सुगीच्या दिवसांत बंद राहिलेल्या गिरणीचे नुकसान त्याहून वेगळे.

म्हणूनच स्टार्टर दाबण्यापूर्वी सिलेक्टर स्विच फिरवून तिन्ही फेजमधील दाब पाहावा. तिन्ही आकडे जवळपास सारखे असावेत. हे वाचन मोटार सुरू करण्याआधीच घ्यावे, यालाही कारण आहे. मोटार फिरत असताना एखादी फेज गेली तर फिरती मोटारच त्या तारेवर बराचसा दाब निर्माण करते आणि काटा फारसा पडत नाही. सारे ठीक असल्याचा आभास होतो आणि आत वेटोळी तापत राहतात. अशा वेळी व्होल्टमीटरच्या जोडीला अँपिअरमीटर आणि फेज गेल्यास मोटार आपोआप बंद करणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. कोणतेही एक उपकरण सारे सत्य सांगत नाही, याचे हे उदाहरण होय.

आज आकडे दाखविणारे डिजिटल मीटर स्वस्तात मिळतात आणि ते अचूकही असतात. तरीही काट्याचा मीटर पॅनेलवरून पूर्णपणे गेलेला नाही. शेजारचा पंप सुरू होताच काटा किती खाली येतो, संध्याकाळी दिवे लागल्यावर तो हळूहळू कसा उतरतो, डीपीवरील सैल जोडामुळे तो कसा फडफडतो, हे दुरूनही एका नजरेत कळते. बदलणाऱ्या आकड्यांतून ते इतक्या सहजपणे उमगत नाही.

दररोज ठरावीक वेळी तिन्ही फेजचे वाचन वहीत टिपून ठेवणारा गिरणीमालक किंवा शेतकरी वीज कार्यालयात तक्रार घेऊन जातो तेव्हा त्याच्या हातात तारीख, वेळ आणि व्होल्ट यांची नोंद असते. वीज कमी येते या मोघम वाक्याला उत्तर टाळता येते. आकड्यांच्या नोंदीला ते टाळणे अवघड जाते. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक निःपक्षपाती काटा असावा, एवढ्यासाठी वेस्टनने आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्ची घातली. मुळशीच्या बुडालेल्या जमिनींची भरपाई कोणत्याही काट्याने मोजता येणार नाही. त्या पाण्यातून निर्माण झालेली वीज मात्र पुरेशा दाबाने येते की नाही हे तपासण्याचे साधन आज गिरणीच्या भिंतीवर टांगलेले आहे. त्याकडे रोज एकदा पाहण्याची सवय तेवढी लावून घ्यायला हवी.